लॅपटॉपवर फ्रॅक्टल झाड वाढवायचं कसं, आणि ते खरं आलंय का हे तपासायचं कसं

कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रिजेक्ट झालेलं कास्टिंग मधोमध कापलं आणि आत श्रिंकेजची, म्हणजे धातू गोठताना आकसून झालेली, पोकळी निघाली, की तिच्या भिंतीवर भिंगातनं बघायचं, धातूची बारीक बारीक झाडं उभी असतात, फांदीला फांदी फुटलेली. हुपरीकडं प्लेटिंग करणारे सांगतील की करंट प्रमाणाबाहेर सोडला तर कडेला आणि टोकाला थर खरबरीत येतो, आणि तसंच रेटत राहिलं तर तिथं फाटे फुटायला लागतात. मे महिन्यात पन्हाळ्याच्या अंगाला वळीव येताना वीज चमकते तिलाही तसेच फाटे. तीन ठिकाणची कारणं तीन, पण मागचं गणित बरंचसं भाऊबंदातलं, आणि त्यातला सगळ्यात सोपा भाग घरच्या लॅपटॉपवर एका संध्याकाळी चालवून बघता येतो. पायथॉन थोडंफार येत असलं, म्हणजे लूप, इफ आणि अॅरे एवढं कळत असलं तरी बास.

एक गोष्ट आधीच सांगतो. ह्या विषयात, म्हणजे फांदीतनं तशीच बारीक फांदी फुटत जाणाऱ्या फ्रॅक्टल आकारात, चित्रं लई भारी येतात आणि चित्र भारी आलं की माणसाला वाटतं सिम्युलेशन जमलं. तसं नसतंय. नियम चुकीचा लिहिला तरी झाडासारखं काहीतरी येतंच, डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून खाली जेवढं वाढवायचं कसं ते लिहिलंय तेवढंच तपासायचं कसं तेही लिहिलंय, आणि घाई असेल तर पहिलं वरवर वाचा पण दुसरं सोडू नका.

मॉडेलचं नाव डिफ्युजन लिमिटेड ॲग्रिगेशन, सगळे डीएलए म्हणतात. विटन आणि सँडर ह्या दोन फिजिसिस्टनी १९८१ साली फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये ते मांडलं, धातूच्या धुरातले कण एकमेकाला चिकटून जे विरळ पुंजके होतात ते समजून घ्यायला. नियम एवढाच: मधे एक कण स्थिर ठेवायचा, लांबून दुसरा सोडायचा, तो रँडम भटकणार, आधीच्या कणाला टेकला की तिथंच कायमचा चिकटणार, मग तिसरा सोडायचा. संपलं. ह्यात फांदी कर, फाटा फोड असं कुठंच सांगितलेलं नाही.

मग फांद्या येतात कुठनं? सुरुवातीला नशिबानं एक बाजू थोडी पुढं येते, आणि जी पुढं आली तिला नवीन कण आधी सापडतात म्हणून ती आणखी पुढं जाते. दोन फांद्यांच्या मधली खाच मात्र उपाशी राहते. संध्याकाळी काम ना धंदा म्हणून कोण शिवाजी पेठेत फिरायला निघालाय आणि ओळखीचा पहिला माणूस भेटला की तिथंच गप्पा हाणत उभा राहतोय असं समजा, बोळाच्या तोंडालाच कोणीतरी भेटणार, आतल्या टोकापर्यंत तो पोचतोय कशाला. फिजिक्सवाले ह्याला स्क्रीनिंग म्हणतात. गणितात बोलायचं तर भटकणारा कण कुठं सापडण्याची शक्यता किती हे लाप्लासच्या समीकरणातनं येतं (थोडक्यात, प्रत्येक जागेचा आकडा म्हणजे आजूबाजूच्यांची सरासरी), आणि तेच समीकरण प्लेटिंगच्या टाकीतल्या व्होल्टेजला, द्रावणात आयन हळूहळू पसरत असतील तर त्यांच्या प्रमाणाला, दोन काचांमधल्या घट्ट द्रवाच्या दाबाला पण लागू पडतं. टोकाशी उतार तीव्र म्हणून टोक पळतं. ही गोष्ट डीएलएच्या आधीच माहीत होती, सॅफमन आणि टेलरनी १९५८ मध्ये द्रवांसाठी आणि मुलिन्स आणि सेकेर्कानी १९६३-६४ च्या सुमाराला गोठणाऱ्या धातूसाठी दाखवलेली, फक्त तिथं पृष्ठताण टोकांना बोथट करतो आणि इथं तसलं काहीच नाही, नुसता नॉइज, म्हणजे रँडमपणा.

आता लिहायला घेऊ. नमपायमध्ये (पायथॉनची अॅरेसाठीची लायब्ररी) ८०१ बाय ८०१ ची शून्यांची अॅरे करा, मधला खाना म्हणजे ४०० कॉमा ४०० तिथं एक टाका. विषम आकडा मुद्दाम, म्हणजे बरोबर मध्य मिळतो. दहा हजार कणांना एवढी जाळी पुरते. एक व्हेरिएबल ठेवा कमालत्रिज्या नावाचं, आत्तापर्यंत चिकटलेल्यातला सगळ्यात लांबचा कण केंद्रापासून किती दूर ते त्यात. प्रत्येक कण चिकटला की ते अपडेट झालंच पाहिजे. ते राहिलं तर पुढचे कण झाडाच्या आतच जन्माला येतात, खाचा भरायला लागतात आणि कसलीही एरर न येता गुबगुबीत झाड तयार होतं.

कण जाळीच्या कडेवरनं सोडायचे नाहीत. एक तर चौकोनी कडेचा ठसा उमटतो आणि दुसरं म्हणजे लांबनं यायला त्याला जन्म लागतो. त्याऐवजी कमालत्रिज्या अधिक पाच एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ समजा, शून्य ते दोन पाय (2π) मधला एक रँडम कोन घ्या आणि त्या वर्तुळावर कण ठेवा. ही पळवाट नाही बरं का, हे गणितानं बरोबर आहे. अनंतावरनं भटकत आलेला कण झाडाला वेढणाऱ्या वर्तुळाला पहिल्यांदा कुठं टेकेल तर सगळीकडं सारख्याच शक्यतेनं, म्हणून मधला सगळा प्रवास वगळला तरी चालतो.

पाऊल म्हणजे शून्य ते तीन मधला एक आकडा, त्यावरनं वर, खाली, डावं, उजवं. पाऊल टाकलं की चार शेजारी बघा, एकात जरी कण असला तरी हा चिकटला. आठ दिशांना चालवायचं आणि शेजारी चारच बघायचे असलं मिश्रण करू नका, कण तिरप्या फटीतनं आत घुसतात. चार तर दोन्हीकडं चार. प्रत्येक पावलाला शेजारी तपासले तर कण भरलेल्या खान्यावर कधीच जात नाही, कारण शेजारी पोचला तिथंच तो थांबलेला असतो. पण पुढं चिकटण्याची शक्यता एकापेक्षा कमी केली की हा हिशोब मोडतो, तेव्हा ज्या खान्यात जायचंय तो रिकामा आहे का हे वेगळं बघावं लागतं. हे लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

कण केंद्रापासून कमालत्रिज्या अधिक दोनपेक्षा लांब असेल तर शेजारी बघायची गरजच नाही, अॅरेला हात पण लावायचा नाही. त्यामुळं तो जाळीच्या बाहेर गेला तरी काही बिघडत नाही, आकडेच आहेत ते. आणि लांब असताना एक एक पाऊल टाकत बसण्यात पण अर्थ नाही, अंतर वजा कमालत्रिज्या वजा दोन एवढी एकच उडी कुठल्याही दिशेला मारा. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात झाड नाही, आणि मध्यातनं निघालेला कण त्या वर्तुळाच्या कडेला कुठंही सारख्याच शक्यतेनं बाहेर पडतो. जाळीवर हे थोडं अंदाजे होतं पण चालतंय.

फारच लांब गेला तर काय? बहुतेक कोडमध्ये असतं की त्रिज्येच्या तिप्पट गेला की मारून टाका आणि नवीन सोडा. शिकायला ठीक आहे. पण विचार करा, सपाट पृष्ठभागावर भटकणारा कण कधी ना कधी परत येतोच, हे पोल्यानं १९२१ मध्येच सिद्ध केलंय, आणि ज्या बाजूनं गेला त्या बाजूला परत येण्याची शक्यता थोडी जास्त असते. मारून नवीन सोडला की ती बाजू आपण विसरतो. बरोबर पद्धत एका ओळीची आहे: उणे अर्धा ते अधिक अर्धा ह्यातला रँडम आकडा घ्या, पायनं गुणा, त्याचा टॅन काढा, मग त्याला एका गुणोत्तरानं गुणा, ते गुणोत्तर म्हणजे कणाचं अंतर वजा सोडायच्या वर्तुळाची त्रिज्या भागिले दोन्हींची बेरीज, त्याचा आर्कटॅन घ्या, दुप्पट करा, आणि जो कोन येईल तो कणाच्या सध्याच्या कोनात मिळवा. त्या कोनावर कण वर्तुळावर परत ठेवायचा. अंतर खूप मोठं असेल तर गुणोत्तर एकाच्या जवळ जातं आणि कोन पूर्ण रँडम होतो, अंतर कमी असेल तर कण गेला तिथंच जवळपास उतरतो, म्हणजे सूत्र आपल्या समजुतीला धरूनच आहे.

साध्या पायथॉनमध्ये हे रेंगाळतं, चहा पिऊन आलात तरी चालूच असेल. नंबा नावाची कोड पळवणारी लायब्ररी इन्स्टॉल करा, कण चालवणारं सगळं एका फंक्शनमध्ये टाका आणि त्याच्या डोक्यावर जिट डेकोरेटर लावा, फरक बघून गप्प व्हाल. एक खोच आहे, रँडम सीड, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, त्या फंक्शनच्या आतच द्यावी लागते, नंबाचा रँडम स्वतःचा वेगळा असतो, बाहेर दिलेली नमपायची सीड त्याला कळत नाही आणि मग दर वेळी वेगळं झाड का येतंय म्हणून डोकं खाजवत बसायची पाळी येते.

अॅरेत नुसता एक टाकण्याऐवजी कण कितवा आला तो नंबर टाका, मग मॅटप्लॉटलिबनं (चित्र काढायची लायब्ररी) रंग दिले की वय दिसतं. जुने कण मधे, नवे सगळे टोकांवर, आतल्या खाचांत शेवटी शेवटी कोणीच पोचलेलं नाही. स्क्रीनिंग म्हणतात ते हेच, डोळ्यानं दिसतंय. फक्त चित्र काढताना इंटरपोलेशन निअरेस्ट ठेवा, नाहीतर एका खान्याच्या फांद्या पुसट होऊन जातात.

आता तपासणी, आणि इथं घाई नको.

पहिल्यांदा झाड बाजूला ठेवून नुसता भटकणारा कण तपासा. हजार कण हजार हजार पावलं चालवा, प्रत्येकाच्या सुरुवातीपासूनच्या अंतराचा वर्ग काढा आणि सरासरी घ्या. ती हजाराच्या आसपास आली पाहिजे, जेवढी पावलं तेवढाच आकडा. पाचशे किंवा दीड हजार आला तर दिशा निवडण्यातच घोळ आहे, पुढं जाऊच नका.

मग मापायची पट्टी तपासा. फ्रॅक्टल डायमेन्शन म्हणजे आकार जागा किती दाट भरतोय ते सांगणारा आकडा, तो काढायची माझ्या मते सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे जायरेशन त्रिज्या, म्हणजे सगळ्या कणांच्या वस्तुमानकेंद्रापासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ. त्यासाठी एक्सची बेरीज, वायची बेरीज आणि दोन्हींच्या वर्गांची बेरीज अशा तीन बेरजा चालू ठेवल्या की पुरे, दर वेळी सगळे कण परत मोजायला नकोत. शंभर, दोनशे, चारशे असे कण दुप्पट होतील तेव्हा त्रिज्या लिहून ठेवा, दोन्हींचे लॉग घेऊन रेघ बसवा. रेघेचा उतार उलटा केला की डायमेन्शन. हे डीएलएवर लावायच्या आधी एका सरळ रेघेवर लावा, उत्तर १ आलं पाहिजे. मग ईडन मॉडेलवर लावा, ते १९६१ चं आहे आणि त्यात भटकणं बिटकणं काही नाही, कडेचा कुठलाही रिकामा खाना रँडम निवडायचा आणि भरायचा, त्याचा भरीव गोळा होतो, उत्तर २ च्या जवळ यायला पाहिजे. पट्टीनं ह्या दोन ठिकाणी बरोबर माप दिलं तरच तिसऱ्या ठिकाणी तिच्यावर विश्वास.

डीएलएचं दोन मितींतलं डायमेन्शन १.७१ च्या आसपास असतं. तीन मितींत साधारण २.५. लॉग बिग नको असेल तर असं बघा, कण दुप्पट केले की त्रिज्या साधारण दीडपट झाली पाहिजे. भरीव गोळा असता तर १.४१ पट झाली असती, सरळ काडी असती तर दुप्पट. एवढ्या जवळजवळच्या आकड्यांत फरक करायचाय म्हणूनच नुसतं चित्र बघून भागत नाही. सुरुवातीचे काहीशे कण रेघेतनं वगळा, लहानपणी सगळीच झाडं सारखी दिसतात. आणि एका झाडाचा आकडा इकडं तिकडं होणारच, आठ दहा वेगळ्या सीडची झाडं वाढवा आणि सरासरी घ्या.

केंद्राभोवती वाढत्या वर्तुळात किती कण आहेत ते मोजायची पद्धत पण आहे, सोपी आहे, पण बाहेरचा भाग अजून वाढतोय, पूर्ण भरलेला नाही, तो धरला तर आकडा खाली ओढला जातो. ती वापरायची तर कमालत्रिज्येच्या निम्म्यापर्यंतच वापरा.

दहा-वीस हजार कणांपर्यंत हे सगळं छान चालतं. काही लाखांवर गेलात की जाळीचा चौकोनी स्वभाव बाहेर पडायला लागतो, झाड चार दिशांना ओढल्यासारखं दिसतं, हळूहळू चौकटच्या पत्त्यासारखा आकार येतो. तो निसर्गाचा गुण नाही, आपल्या जाळीचा आहे. तिथं जाळी सोडून द्यायची, कण म्हणजे एक व्यासाच्या टिकल्या धरायच्या आणि जवळच्या टिकलीपर्यंतच्या अंतराएवढी उडी मारायची. कोड वाढतो, जवळचं कोण हे पटकन शोधायला खान्यांची यादी ठेवावी लागते. सुरुवातीला ह्याच्या नादाला लागू नका.

मूळ कोड पक्का झाला की खेळायला मोकळे. चिकटण्याची शक्यता एकावरनं ०.०५ करा, फांद्या जाड आणि गुबगुबीत होतात कारण कण आपटून आपटून आतपर्यंत पोचतात. मघाशी सांगितलेली रिकाम्या खान्याची तपासणी इथं लागते. पण जाडी वाढली म्हणून डायमेन्शन कायमचं बदललं असं नाही, झाड पुरेसं मोठं केलं की तेच १.७१ परत डोकं वर काढतं, फक्त त्याला उशीर लागतो. मधल्या एका कणाऐवजी तळाला अख्खी ओळ भरून ठेवली आणि वरनं कण सोडले की झाडांचं रान येतं, थोडीच उंच जातात आणि बाकीची त्यांच्या सावलीत खुंटतात. प्लेटिंगच्या कडेला जे होतं त्याच्या हे जास्त जवळचं.

विजेसाठी मात्र कण सोडायची पद्धत बदलावी लागते. निमायर, पिएत्रोनेरो आणि विसमन ह्यांनी १९८४ मध्ये दिलेलं मॉडेल घ्या, मूळ प्रेरणा लिश्टेनबर्गच्या १७७७ च्या, विजेनं धुळीत उमटलेल्या आकृत्यांसारखे नमुने. झाडावर व्होल्टेज शून्य, बाहेरच्या कडेला एक, आणि मधल्या प्रत्येक खान्याचं व्होल्टेज म्हणजे चार शेजाऱ्यांची सरासरी, ती परत परत काढत राहायची जोवर आकडे हलायचे थांबत नाहीत. मग झाडाला लागून असलेल्या रिकाम्या खान्यांतनं एक निवडायचा, व्होल्टेजच्या ईटा घाताच्या प्रमाणात, ईटा म्हणजे आपण ठरवायचा एक आकडा. ईटा शून्य केला तर ईडनचा गोळा, एक केला तर डीएलएसारखं झाड, दोन-तीनवर नेलं तर विरळ वीज, चारच्या पुढं जवळपास एकच रेघ. एका ईटात सगळं घराणं बसतं, म्हणून मला हे मॉडेल डीएलएपेक्षाही आवडतं. पण प्रत्येक कणाला सगळं व्होल्टेज परत काढायचं असल्यानं लई हळू चालतं, त्यामुळं २०१ ची जाळी घ्या आणि आधीचं व्होल्टेजच पुढच्या फेरीची सुरुवात म्हणून वापरा.

फाउंड्रीवाल्या दोस्तांसाठी वेगळं सांगतो, श्रिंकेजमधली ती झाडं डीएलए नाहीत. त्यांच्या फांद्या ठरलेल्या कोनात फुटतात कारण क्रिस्टलला स्वतःच्या आवडत्या दिशा असतात, आणि कास्टिंग जेवढं पटकन गार तेवढ्या फांद्या जवळ जवळ. तिथं उष्णता किती सुटते, पृष्ठताण दिशेप्रमाणं किती बदलतो हे सगळं धरावं लागतं, आणि त्याला फेज फील्ड पद्धत लागते, म्हणजे घन आणि द्रव ह्यांच्यातली कड हळूहळू बदलणारी धरायची, कोबायाशीचा १९९३ चा पेपर सुरुवातीला चांगला आहे. नदीच्या फाट्यांना पण उगाच डीएलए म्हणू नका, तिथं माती वाहून जाण्याचं वेगळं राजकारण आहे.

खरं झाड वाढवून ताडून बघायचं असेल तर मोरचूद आणा. शेतीच्या औषधाच्या दुकानातलं बोर्डो मिश्रणासाठीचं चालतं, पण केमिकलच्या दुकानातलं स्वच्छ असतं. लिटरला २५ ग्रॅम म्हणजे साधारण ०.१ मोलर. सपाट तळाच्या काचेच्या बशीत एक-दोन मिलिमीटरचा थर, कडेनं उघड्या तांब्याच्या तारेचं कडं, ते प्लसला, मधे वरनं टेकवलेलं तारेचं टोक, ते मायनसला, आणि पाच-सहा व्होल्ट डीसी. बशी हलवायची नाही, पंखा बंद. व्होल्टेज आणि प्रमाण बदललं की आकार बदलतो, कधी विरळ झाड, कधी दाट झुपका, त्यामुळं प्रत्येक वेळी दोन्ही आकडे वहीत लिहा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि उरलेलं पाणी लेबल लावून बाटलीत ठेवून परत वापरा, गटारात नको, ते शेवटी पंचगंगेलाच जातंय. मात्सुशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये जस्ताच्या अशाच सपाट पानांचं डायमेन्शन १.६६ मोजलेलं, ब्रेडी आणि बॉल ह्यांनी त्याच वर्षी तांब्याच्या तीन मितीतल्या झाडाचं २.४३. म्हणजे तुमच्या सपाट झाडाचा आकडा १.६६ च्या आसपास आला तर चांगल्या संगतीत आहात.

फोटोवर जायरेशन त्रिज्या चालत नाही कारण कण कधी आला ते माहीत नसतं, तिथं खोकी मोजायची. बरोबर वरनं फोटो काढा, बशीखाली पांढरा कागद, काळापांढरा करा, मग २, ४, ८, १६ पिक्सेलच्या चौकोनांनी झाकायला किती चौकोन लागतात ते मोजा आणि लॉगची रेघ बसवा. फांदीच्या जाडीपेक्षा लहान चौकोन आणि झाडाच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठे चौकोन रेघेत धरू नका. काळापांढरा करतानाचा थ्रेशोल्ड, म्हणजे काळं कुठं आणि पांढरं कुठं ती हद्द, थोडा वर-खाली करून आकडा किती हलतो तेही बघा, दुसऱ्या दशांशात हलत असेल तर चाललं, पहिल्या दशांशात हलत असेल तर लाइट बदलून फोटो परत काढा.